स्पेनमध्ये गाड्यांशिवाय सायकल: जिरोनाजवळच्या जुन्या रेल्वेवाटेबद्दल माहिती हवी आहे

गोदाकाठ (नाशिक)

मंडळी, नमस्कार.

मी जूनमध्ये बँकेतून निवृत्त झालो. वय ५९. मी आणि सौ. गेली चार वर्षं रोज सकाळी सायकल चालवतो, रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येतो. म्हणजे अंतराची सवय आहे, चढाचीही थोडी आहे. अडचण वेगळीच आहे. मागच्या पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावर एका ट्रकनं सौ.ला अगदी कडेला दाबलं. ती खाली चिखलात पडली, मार फारसा लागला नाही, पण तेव्हापासून मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की तिचे हात थरथरतात. आता ती फक्त कॉलनीतच चालवते.

मुलगी बार्सिलोनात शिकते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तिचं म्हणणं, जिरोना नावाच्या जुन्या शहराजवळ रेल्वेचे रूळ काढून केलेली सायकलवाट आहे आणि तिथं गाड्या येत नाहीत. हे खरं आहे का? आमच्या हातात चार दिवस आहेत. सायकली तिथेच भाड्यानं घेऊ. दोघंही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. सौ.चा उजवा गुडघा थोडा दुखतो.

कोणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कुर्डुवाडीकर (जिरोना)

काका, नमस्कार. मी सात वर्षं जिरोनात राहतो. या वाटेवर मी किती वेळा गेलो हे आता मोजत नाही, पण पूर्ण, डोंगरापासून समुद्रापर्यंत, अकरा वेळा गेलोय. त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

मुलगी म्हणते ते खरं आहे. या वाटेला इथे 'कारिलेत' म्हणतात. कारिलेत म्हणजे छोटी रेल्वे, इथल्या कातालान लोकांचा लाडका शब्द. दोन वेगळ्या लाईन होत्या. एक जिरोनाहून समुद्राकडे सांत फेलिऊ दे गिशोल्सला जायची, ती १८९२ ला सुरू झाली. दुसरी जिरोनाहून डोंगरात ओलोतला, ती टप्प्याटप्प्यानं वाढत १९११ ला ओलोतला पोचली. दोन्ही १९६९ ला बंद पडल्या. ट्रक आणि बस आल्यावर छोट्या गाडीत कोण बसणार! पुढे रूळ उचलले आणि त्याच पट्ट्यावर माती दाबून सायकलची आणि पायी चालण्याची वाट केली. अशा वाटांना स्पेनभर 'व्हिया वेर्दे' म्हणजे हिरवी वाट म्हणतात. हे काम १९९३ पासून चालू आहे. ओलोत ते जिरोना सुमारे ५४ किलोमीटर, जिरोना ते समुद्र सुमारे ४०.

रुळांची रुंदी ७५० मिलिमीटर होती. मला हा आकडा पाठ आहे, कारण माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये बार्शी लाईट रेल्वेवर फिटर होते आणि आपल्या त्या गाडीच्या रुळांची रुंदी ७६२. फक्त १२ मिलिमीटरचा फरक. पहिल्यांदा याच वाटेवरच्या आमेर गावच्या जुन्या स्टेशनासमोर उभा राहिलो तेव्हा ती ठेंगणी इमारत आणि तो लहानसा फलाट बघून मला एकदम आजोबांचा तेलकट खाकी शर्ट आठवला. हे विषयाला सोडून झालं, पण लिहावंसं वाटलं.

तुमच्या कामाचं आता. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ कुठेच अंगावर येत नाही. वाफेच्या इंजिनाला डबे ओढत जमेल इतकाच चढ ठेवलेला आहे, आणि वळणंही लांबलचक. काकूंच्या गुडघ्यासाठी याच्यासारखी वाट नाही. फक्त दिशा नीट निवडा. ओलोतहून सुरू करा आणि समुद्राकडे उतरत या. उलटं करू नका. ओलोत सुमारे ४४० मीटर उंचीवर आहे, जिरोना ७० वर. ओलोतहून निघाल्यावर आधी थोडी चढण आहे, बास नावाच्या खिंडीपर्यंत, ती साधारण ६२० मीटर. एवढं झालं की आमेरपर्यंत जवळपास उतारच.

आणि माझं ठाम मत सांगतो: हे एका दिवसात करू नका. इथले तगडे पोरगे ओलोत ते समुद्र एका दिवसात करतात, मीही केलंय. त्या दिवशी मला फक्त पुढच्या चाकासमोरची माती आठवते. तुमच्याकडे चार दिवस आहेत, त्यातले तीन सायकलला द्या आणि एक जिरोनाला.

पहिला दिवस ओलोत ते आमेर, ३० किलोमीटर. ओलोत हे ज्वालामुखींच्या प्रदेशात आहे, गार्रोचा म्हणतात. चाळीसेक लहान ज्वालामुखी, सगळे झोपलेले, अंगावर जंगल वाढलेले. जमीन काळी आहे, आपल्या सोलापुरातल्या काळ्या रानासारखी, म्हणून मला तिथं परकं वाटत नाही. खिंड उतरली की सांत फेलिऊ दे पायेरोल्स आणि मग लेस प्लानेस लागतं. ब्रुजेंत नावाची छोटी नदी बाजूनं वाहते. ऑक्टोबरअखेर झाडांची पानं पिवळी पडायला लागतात.

इथे एक सावधानता. सांत फेलिऊ नावाची दोन गावं याच वाटेवर आहेत. एक डोंगरात, दे पायेरोल्स. एक समुद्रावर, दे गिशोल्स. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यानं खोली समुद्राच्या गावात घेतली आणि संध्याकाळी डोंगरातल्या गावात पत्ता शोधत बसले. त्यांना रात्री टॅक्सीनं आणावं लागलं. बुकिंग करताना पूर्ण नाव वाचा.

आमेरला मुक्काम करा. गावाच्या मधोमध मोठा चौक आहे, चारी बाजूंनी दगडी कमानींची पडवी. संध्याकाळी म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन बसतात, पोरं फुटबॉल खेळतात. काकूंना तिथं बसवा.

दुसरा दिवस आमेर ते जिरोना, साधारण २४ किलोमीटर. तेर नदी भेटते, आंग्लेस, बेस्कानो ही गावं लागतात, आणि शेवटी साल्टजवळ भाजीचे मळे. पाटाचं पाणी वाहत असतं, वाफे आखलेले, कोबी, कांद्याची पात. मळ्यांतून थेट शहरात शिरता. दुपारपर्यंत पोचाल.

तिसरा दिवस जिरोना पायी. सायकल खोलीवर ठेवा, जुन्या भागात सगळ्या पायऱ्याच आहेत. कथेद्राल म्हणजे इथल्या मोठ्या चर्चसमोर नव्वदेक पायऱ्या चढल्यावर आत जो मुख्य दालनाचा भाग आहे त्याची रुंदी जवळजवळ २३ मीटर, मधे एकही खांब नाही. गॉथिक चर्चमध्ये याहून रुंद दालन जगात दुसरीकडे नाही. खाली जुनी ज्यू वस्ती, 'काय' म्हणतात तिला. १४९२ ला ज्यूंना स्पेनमधून हाकललं तोवर ती नांदती होती. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं खांद्याला खांदा लावूनच जातील. ओन्यार नदीवर लाल पूल आहे, लोखंडी, तो पॅरिसचा मनोरा बांधणाऱ्या आयफेलच्या कंपनीनं १८७७ ला केला, म्हणजे मनोऱ्याच्या आधी. त्याच्यावर उभं राहून नदीकाठची पिवळी-तांबडी घरं बघा.

चौथा दिवस समुद्र. कास्सा आणि यागोस्तेरापर्यंत अगदी हलका चढ, तिथून उतार. हा भाग बुचाच्या झाडांचा. बाटलीला जे बूच लावतात ते ओक जातीच्या झाडाची साल असते, आणि ही छोटी रेल्वे तेच बूच बंदरावर न्यायची. वाटेपासून थोडं आत गेलात तर उन्हाळ्यात साल काढलेलं झाड दिसेल. थांबा आणि हात लावून बघा. वर फांद्यांवर करडी, भेगाळलेली, बोटभर जाड साल. कमरेपासून खाली सोललेला भाग गुळगुळीत, ताज्या विटेच्या रंगाचा, आणि सावलीतसुद्धा हाताला गार लागतो. पुन्हा साल यायला दहा-बारा वर्षं लागतात. तोवर झाड तसंच उभं.

गाड्यांचं प्रामाणिकपणे सांगतो, कारण काकूंसाठी तेच महत्त्वाचं आहे. वाटेवर मोटारींना बंदी आहे. तरी काही ठिकाणी शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यापुरती परवानगी असते, तेव्हा एखादी गाडी सावकाश येते आणि हात करून जाते. रस्ते ओलांडावे लागतात, तिथं थांबा, उतरा, दोन्हीकडे बघा. आणि गावांत शिरताना थोडा भाग साध्या गल्लीतून जातो. मागून ट्रक येऊन दाबेल, असं या वाटेवर होणार नाही.

बाकी काही विचारायचं असेल तर विचारा.

सह्याद्रीची सून (हैदराबाद)

कुर्डुवाडीकरांनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त दुसरा एक पर्याय सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला, आंदालुसियात 'व्हिया वेर्दे दे ला सिएरा' केली. पुएर्तो सेर्रानो ते ओल्व्हेरा, ३६ किलोमीटर. ऐतिहासिक शहर हवं असेल तर सेव्हिल किंवा रोंदा गाठून तिथून गाडीनं जावं लागतं. तीस बोगदे आहेत! त्या रेल्वेची गंमत म्हणजे बोगदे, पूल, स्टेशनं सगळं बांधलं आणि गाडी एकदाही धावली नाही. मधे एक मोठा कडा आहे, साफ्रामागोन, तिथं गिधाडांची मोठी वसाहत आहे. आम्ही जेवायला थांबलो तेव्हा डोक्यावर वीस-बावीस गिधाडं घिरट्या घालत होती. आपल्याकडे गिधाडं बघायला मिळणं इतकं कमी झालंय की माझ्या नवऱ्याला भरून आलं.

सायकलला चांगला दिवा हवाच, बोगद्यात गारठा असतो.

कुर्डुवाडीकर (जिरोना)

ताई, सिएरा मीही केलीय आणि त्या कड्यासाठी परत जायची तयारी आहे. पण काकांना बार्सिलोनाहून जायचंय आणि हातात चारच दिवस. दक्षिणेत जाण्या-येण्यातच दोन जातील. शिवाय ओल्व्हेराचं स्टेशन खाली आणि गाव टेकडीच्या माथ्यावर, दिवसाच्या शेवटी गुडघ्यावर तो चढ काकूंना जड जाईल. ती वाट पुढच्या वेळी, वेगळी सुट्टी काढून.

गोदाकाठ (नाशिक)

काय लिहू! सौ.ला मोबाईलवर वाचून दाखवलं, तिनं "मागून ट्रक येऊन दाबेल, असं या वाटेवर होणार नाही" हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. ठरलं आता. कुर्डुवाडीकर, तुम्ही आम्हाला काका-काकू म्हणालात, तर हक्कानं विचारतो.

१. बार्सिलोनाहून ओलोतला कसं जायचं?
२. जेवणाचं काय? आम्हाला साडेबाराला जेवायची सवय आहे.
३. सकाळी किती वाजता निघावं? इथं आम्ही साडेपाचला बाहेर पडतो.
४. भाड्याची सायकल घेताना काय बघायचं?
५. विजेवर चालणारी सायकल काकूंसाठी घ्यावी का? ती नको म्हणते, मी हो म्हणतो.

कुर्डुवाडीकर (जिरोना)

काका, हक्कानंच विचारा. क्रमानं नाही, जसं महत्त्वाचं तसं सांगतो.

आधी वेळ. इथं ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि सातच्या सुमाराला मावळतो. साडेपाचला बाहेर पडलात तर मिट्ट काळोख. नऊ-साडेनऊला निघा. तीस किलोमीटरला भरपूर वेळ आहे.

जेवण. इथली दुपार एक ते साडेतीन. चारला स्वयंपाकघर बंद, मग रात्री साडेआठपर्यंत गरम काही मिळत नाही. दुकानंही दीड-दोनला बंद होतात ती पाचला उघडतात, आणि रविवारी लहान गावात सगळंच बंद. म्हणून सकाळीच केळी, दाणे, ब्रेड, चीज पिशवीत टाका. दुपारी एकला दारात उभे राहा, तुम्हाला साडेबाराची सवय आहे तर अर्ध्या तासाचाच फरक.

शाकाहारी म्हटलं की कधी कधी सॅलडवर टूना मासा येतो, त्यांच्या डोक्यात तो मांसाहार नसतो. म्हणून "सेन्से कार्न, नी पेश" म्हणा, म्हणजे मांस नको, मासाही नको. बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे मिळतं. सांता पाऊ नावाच्या गावची पांढऱ्या घेवड्यासारखे लहान दाणे, फेसोल्स, या भागाची खासियत. सालं पातळ, तोंडात विरघळतात. पण त्यात कधी कधी डुकराच्या मांसाची सॉसेज घालतात, विचारून घ्या. आणि एस्कालिवादा मागवा: वांगं आणि लाल ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजतात, आपल्या भरतासारखंच, फक्त कुस्करत नाहीत, सोलून लांब पट्ट्या काढतात आणि वर ऑलिव्हचं तेल. काकूंना भाजलेल्या वांग्याचा वास आला की घरी आल्यासारखं वाटेल.

आमेरच्या चौकात एका ठिकाणी भाजलेला पाव, अख्खा टोमॅटो आणि लसणाची पाकळी ताटलीत आणून ठेवतात. करायचं आपणच. आधी लसूण पावाच्या खरखरीत बाजूवर एकदाच फिरवायचा. मग टोमॅटो आडवा कापून हातातलं साल उरेपर्यंत पावावर घासायचा. पाव गुलाबी आणि ओलसर झाला की तेल, मग मीठ. क्रम बदलला तर चव बदलते, मला तिथल्या आजीनं हात धरून शिकवलंय. याला 'पा अम् तुमाकेत' म्हणतात.

प्रवास. ओलोतला आता रेल्वे नाहीच. बार्सिलोनाहून जिरोनाला ट्रेननं या. वेगवान गाडी ४० मिनिटांच्या आत आणते, साधी रीजनल दीड तास घेते पण स्वस्त आहे आणि पुढेमागे सायकल बरोबर असली तर तीच बरी. जिरोनाहून ओलोतला बस आहे. सायकल भाड्यानं देणारी काही दुकानं तुम्हाला सायकलींसकट व्हॅननं ओलोतला सोडतात. बुकिंग करतानाच हे ठरवून घ्या. समुद्राच्या गावाहूनही ट्रेन नाही, बस आहे. सायकल तिथेच परत घेतील का, तेही त्याच वेळी विचारा.

आता सायकल. इथं माझा अनुभव सांगतो. बहीण आली होती तेव्हा आम्ही तिच्यासाठी एका दुकानातून सायकल घेतली. लेस प्लानेस सोडल्यावर खडखड सुरू झाली. मागच्या कॅरिअरचा एक स्क्रू वाटेत पडला होता, पिशवी तिरकी होऊन चाकाच्या तारांना घासत होती. पिशवीचं कापड फाटलं. मी बुटाची नाडी काढून कॅरिअर फ्रेमला करकचून बांधला आणि पुढचे दहा-बारा किलोमीटर तसेच गेलो. परत करताना दुकानदारानं पिशवीचे पैसे आमच्याकडूनच घेतले. आजोबा म्हणायचे, गाडी ताब्यात घेताना प्रत्येक नटाला बोट लावायचं. मी त्या दिवशी लावलं नव्हतं. तेव्हा दुकानातच कॅरिअरचे चारही स्क्रू, दोन्ही ब्रेक, टायर बघा. टायर ३५ मिलिमीटरहून बारीक नको, माती आहे. पंक्चरचं सामान आणि पंप मागून घ्या. आणि सायकलचे मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, दुकानदारासमोर. हेल्मेट घ्याच, स्पेनमध्ये गावाबाहेरच्या रस्त्यावर ते सक्तीचं आहे.

विजेच्या सायकलीबद्दल. काका, इथं मी काकूंच्या बाजूनं आहे, पण अर्धाच. आमेर ते समुद्र त्यांना गरज नाही. ओलोतहून खिंडीपर्यंतचा पहिला तुकडा तेवढा गुडघ्याला लागेल. दुकानवाले एका दिवसासाठी बदलून देतील असं नाही, त्यामुळे घ्यायची तर चारही दिवस. माझं सुचवणं असं: काकूंना नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला, जिथं वर्दळ कमी, तिथं सलग तासभर हलक्या गिअरवर चढ चालवून बघू द्या. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला नाही तर साधी सायकल. सुजला तर विजेची, आणि मग वाद नको.

आणखी एक. २९ ऑक्टोबरला जिरोनात सांत नार्सिसची जत्रा असते, त्या आठवड्यात खोल्या भरलेल्या असतात. इथले लोक सांगतात की १२८५ ला फ्रेंच फौजेनं शहराला वेढा दिला तेव्हा या संताच्या थडग्यातून माश्यांचे थवे बाहेर पडले आणि फौज पळाली. जत्रा बघायची असेल तर खोली आताच घ्या, नसेल तर २६ च्या आत जिरोना सोडा.

गोदाकाठ (नाशिक)

काल गंगापूरच्या बाजूला गेलो होतो. एक तास दहा मिनिटं. आज सकाळी सौ. स्वतःहून म्हणाली, "सूज नाही." साध्या दोन सायकली सांगितल्या, ओलोतपर्यंत व्हॅनसकट. २० ला ओलोतला मुक्काम, २१ ला निघणार, आमेर, मग जिरोना, आणि २४ ला समुद्र. सांत फेलिऊ दे गिशोल्स, पूर्ण नाव मुलीकडून तपासून घेतलं.

जमलं तर २३ ला जिरोनात भेटाल का? सौ. तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन येणार आहे.

कुर्डुवाडीकर (जिरोना)

भेटतो म्हणजे काय, लाल पुलावर अकरा वाजता उभा राहीन. चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या नको.

आणि रेनकोट पिशवीत सगळ्यात वर ठेवा. इथं म्हण आहे, ओलोतला पाऊस नसेल तर कुठेच नसेल.